कोसंबींचा तराजू

(संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या पदवीधरांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



'आंतरविद्याशाखीय' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीयतेचा पुरस्कार केल्यापासून तर प्रबंधाच्या आराखड्यात तो घातल्यावाचून चैन पडत नाही. इतिहासाच्या प्रबंधाला समाजशास्त्राचे एक प्रकरण जोडले की काम भागले, अशी समजूत रूढ होत आहे. दुसरी विद्या अशी उसनी आणता येत नाही. तिच्या दारी उमेदवारी करावी लागते. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांनी ती कशी केली, एवढेच आज सांगणार आहे. त्यांच्या मार्क्सवादाशी आपल्यापैकी अनेकांचे मतभेद असतील, असोत.

कोसंबी गणिताचे प्राध्यापक. संख्याशास्त्र प्रत्यक्ष प्रश्नावर पारखून शिकावे म्हणून ते नाण्यांकडे वळले. प्राचीन आहत नाण्यांवर ना राजाचे नाव, ना साल. केवळ ठशांची चिन्हे. पंडित त्या चिन्हांचे अर्थ लावण्यात गढले होते. कोसंबींनी नाणी तराजूत घातली. नाणे हातोहात फिरते तसे कणाकणाने झिजते. म्हणून एकाच प्रकारची नाणी जितका काळ अधिक चलनात राहतील, तितके त्यांचे सरासरी वजन घटेल आणि वजनांतील तफावत वाढेल. हे गृहीत मांडून ते थांबले नाहीत. आपल्या काळातील चलनी नाणी तोलून त्यांनी ते पडताळले. मग तक्षशिलेच्या निधींत दिसले की, नाण्याच्या मागील बाजूस खुणा जितक्या अधिक, तितके सरासरी वजन कमी. ठराविक काळाने नाणी तपासणाऱ्यांच्या त्या खुणा असाव्यात, असा निष्कर्ष निघाला आणि बिननावाच्या नाण्यांचा कालक्रम लावण्याची वाट सापडली. प्रश्न इतिहासाचा होता. तो रूढ साधनांनी सुटेना, म्हणून गणित आले. शोभेसाठी नव्हे.

दुसरे उदाहरण मला अधिक प्रिय आहे. 'मृच्छकटिका'त चारुदत्त मैत्रेयाला चव्हाट्यावर मातृदेवतांना बळी ठेवून येण्यास सांगतो. संस्कृतचा विद्यार्थी हे वाचतो आणि पुढे जातो. कोसंबी थबकले. घरात देव्हारा असता चव्हाट्यावर का? भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यासाठी शेकडो हस्तलिखिते धुंडाळणाऱ्या या माणसाला पोथीचे मोल ठाऊक नव्हते असे नाही. पण या प्रश्नाचे उत्तर पोथीत नव्हते. ते पुण्याच्या आसपासची रानवाट पायांखाली घालू लागले. गावापासून दूर, शेंदूर माखलेल्या देवीच्या तांदळ्याभोवती त्यांना सूक्ष्म अश्मास्त्रे विखुरलेली आढळली. शेती स्थिरावण्यापूर्वी भटक्या टोळ्यांच्या वाटा जेथे एकमेकींना छेदत, तेथे या देवतांची ठाणी असावीत, असे त्यांनी 'मिथ अँड रिॲलिटी' (१९६२) या ग्रंथात प्रतिपादिले. नाटकातील एका वाक्याचा पुरावा असा माळावर पडलेला होता!

कोसंबींचे सर्वच बरोबर होते असे मात्र मानू नका. रीमानच्या सुप्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता आपणांस लाभली, हा त्यांचा दावा टिकला नाही. आणि तो तर त्यांच्या स्वतःच्या विद्येतला. परक्या विद्येत शिरणाऱ्याने आपले लेखन त्या विद्येतील जाणत्याला छापण्यापूर्वीच दाखवावे आणि त्याचा राग सोसावा. मी एकदा ते टाळले. शेतसाऱ्याच्या जुन्या कागदांवरील लेखात बिघा सर्वत्र एकच समजून बेरजा केल्या. एका निवृत्त तलाठ्याने दोन मिनिटांत सारा कोष्टक निकालात काढला.

तो तलाठी, माळावरचा धनगर, जात्यावर गाणारी बाई यांची विद्या कोणत्या विभागात बसते? विद्यापीठाच्या तक्त्यात तिला रकाना नाही, आणि म्हणूनच आपण तिला 'माहिती' म्हणतो व स्वतःच्या टिपणांना 'संशोधन'. यात जातीचा आणि वर्गाचा जुना हिशेब आहे. ज्यांचे रोजचे पोट मजुरीवर चालते त्यांचा अर्धा दिवस आपण प्रश्न विचारण्यात खर्ची घालतो. तेव्हा त्यांची हरकत नसेल तर त्यांचे नाव प्रबंधात ग्रंथकारांच्या बरोबरीने द्या, बुडालेला रोज भरून द्या, आणि लिहिलेले त्यांना मराठीत वाचून दाखवा. उद्या आपण ज्या वस्तीवर जाणार आहोत तेथील माणसे सकाळी आठला कामावर निघतात. आपण संध्याकाळी जाऊ.