भिंतीवरचा पंक्तिप्रपंच
(महोत्सवानिमित्त झालेले भाषण)



मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन म्हटले की चित्रे कशी आहेत एवढेच आपण विचारतो. ती टांगली कशी, हे कोणी विचारीत नाही. आम्हा शिक्षकांना मात्र वाटते, मुलाचा निवाडा पुष्कळदा तेथेच होतो.

रिवाज असा की, बक्षिसाची चित्रे दाराशी, पाहुण्यांच्या नजरेसमोर. उरलेली कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून. पाहुणे पाच मिनिटांत परततात. सायंकाळी येथल्या उद्यमबागेतील फौंड्रीची पाळी संपवून एखादा बाप येतो आणि मुलीचे चित्र काळोखात, मान वर करून शोधतो. मुलगी शेजारीच उभी असते. आपल्या चित्राची किंमत काय, हे तिला त्या जागेनेच सांगितलेले असते.

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. १९३८ साली त्यांनी श्रीभवानी संग्रहालय उभारले, तेव्हा चित्रांवर उजेड कसा पडावा याचा विचार इमारतीतच केला. आपल्याला इमारत बांधायची नाही; खिडक्या तरी पाहाव्यात. खिडकीसमोर काचेची तसबीर लावली, तर काचेत खिडकीच दिसते.

शेजारही पाहावा. कोल्हापूरचे आबालाल रहिमान १९३१ साली निवर्तले. रंकाळ्याच्या परिसरातील त्यांची जलरंगातील निसर्गचित्रे जवळ जाऊन, शांतपणे पाहावी लागतात. त्यांच्याशेजारी भडक भित्तिपत्रक लावले, तर तीही मुकी होतील. मग सहावीतल्या मुलाची काय कथा?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक मुलाचे एक चित्र असावे व ते त्यानेच निवडावे. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे पावणेपाच फुटांवर असावा. लहान वर्गांची चित्रे त्याहून खाली, म्हणजे त्यांच्या सोबत्यांना ती दिसतील. दोन चित्रांत वीतभर भिंत मोकळी सोडावी. मांडणी गुणांप्रमाणे न करता विषयाप्रमाणे करावी: पाऊस, बाजार, कारखाना. एकच पाऊस दहा मुलांनी कसा पाहिला, हे मग आपोआप कळते.

गुणवत्तेचा मान ठेवू नये काय? जरूर ठेवावा. बक्षिसाची चिठ्ठी चित्राखाली लावावी. पण त्यासाठी दुसऱ्याला अंधारात ढकलू नये.

जेवणावळीतला पंक्तिप्रपंच आपण निंद्य मानतो. भिंतीवरही तो नसावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.