भगंदराचा दोरा आणि आयुर्वेदाची पारख

बारावीनंतर बी.ए.एम.एस.ला प्रवेश घेतला की काहीजण हळहळतात, ‘एम.बी.बी.एस. हुकलं वाटतं!’, काहीजण ऋषिमुनींचं नाव घेऊन पाठ थोपटतात. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर्षाची इंटर्नशिप करून हा विद्यार्थी रोग्याला नेमकं काय देऊ शकेल, हे मात्र दोघंही विचारत नाहीत. माझ्या मते आयुर्वेदाची आणि त्यातल्या करिअरचीही किंमत याच प्रश्नावर ठरायला हवी.

भगंदरावरचं, म्हणजे गुदद्वाराजवळच्या नळीसारख्या जखमेवरचं, क्षारसूत्र हा औषधी दोराच घ्या. सुश्रुतसंहितेत उल्लेख असलेला हा उपाय विसाव्या शतकात बनारस हिंदू विद्यापीठातल्या वैद्यांनी पुन्हा प्रचारात आणला. साध्या दोऱ्यावर एकवीस लेप चढतात: आधी स्नुहीच्या चिकाचे, मग चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, शेवटी चीक आणि हळदीचे. हा दोरा भगंदराच्या मार्गातून ओवतात आणि आठवड्याला बदलतात. मार्ग हळूहळू कापला जातो, मागून भरत येतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली. 1991 साली निष्कर्ष आले: जखम भरायला दोऱ्याने दुप्पट वेळ लागला, पण वर्षभरात रोग उलटण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेनंतर 11 टक्के, तर दोऱ्यानंतर 4 टक्केच होतं.

यावर काही वैद्य म्हणतील, प्रत्येकाची प्रकृती वेगळी, मग सर्वांना एकच मोजपट्टी कशी? पण त्या चाचणीतले रोगी तरी एका प्रकृतीचे कुठे होते? प्रकृतीनुसार औषध बदलायचं तर खुशाल बदलावं. गुण किती जणांना आला, हे तरीही मोजता येतं. उलट, एका दोऱ्याने सारं शास्त्र सिद्ध होत नाही, असं डॉक्टर म्हणतील. ते अगदी खरं आहे. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक औषधांच्या 2008 सालच्या अमेरिकेतल्या तपासणीत सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. म्हणूनच प्रत्येक उपाय आणि प्रत्येक औषध स्वतंत्रपणे पारखावं लागेल. औषधांची शुद्धता तपासणं, वनस्पती अचूक ओळखणं, चाचण्या आखणं ही कामं आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक या दोन्ही शास्त्रांची भाषा कळणाऱ्या पदवीधराला साजेशी आहेत. तेव्हा कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा रुग्णालयाची ओपीडी पाहावी, आणि तिथे रोगी बरा झाला की नाही याची नोंद पुढे वर्षभर ठेवतात का, हे विचारून घ्यावं.