दूध तुटलेल्या वासराचा क्षार-आहार

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील अधिकारी, पंचायत सदस्य आणि शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



दुभत्या जनावराच्या आहाराविषयी आपण पुष्कळ बोलतो. कारण त्याचे उत्तर रोज सकाळी दूधसंस्थेच्या मापात दिसते. दूध तुटलेल्या कालवडीकडे मात्र घरातील कोणाचेच लक्ष नसते. गाईपुढचा उरलेला चारा तिच्या वाट्याला येतो. हाडे वाढण्याच्या नेमक्या वयात ही आबाळ होते आणि त्याची किंमत दोन-तीन वर्षांनी कळते. चांगल्या जोपासनेत संकरित कालवड अडीच वर्षांच्या सुमारास विते. आबाळ झालेली त्यानंतर कितीतरी महिने नुसती दावणीला उभी राहते. लहान शेतकऱ्याचे तेवढ्या महिन्यांचे दूध बुडते.

वाढीला पेंड आणि वैरण लागते, तसेच क्षारही लागतात. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम आणि ८० टक्के फॉस्फरस हाडांत व दातांत असतो. तांबे, जस्त, लोह, कोबाल्ट, आयोडीन हे क्षार अत्यल्प प्रमाणात लागतात. पण तेवढेही मिळाले नाहीत तर खाल्लेले अंगी लागत नाही.

आपल्या दोन्ही तालुक्यांचे चाऱ्याच्या दृष्टीने दोन भाग पडतात. पश्चिमेला, डिंभे आणि भीमाशंकरच्या बाजूला, पाऊस प्रचंड आणि मुख्य वैरण भाताचा पेंढा. अतिवृष्टीने जमिनीतील क्षार वाहून जातात आणि पेंढ्यात फॉस्फरस मुळातच थोडा. पूर्वेला कुकडी प्रकल्पाचे पाणी आले, ऊस आला आणि गळीत हंगामात उसाचे वाढे हीच वैरण झाली. वाढ्यांत ऑक्झलेट नावाचे द्रव्य असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते आणि तो शेणावाटे निघून जातो. म्हणजे एकीकडे क्षार चाऱ्यातच कमी, तर दुसरीकडे असलेला कॅल्शियमही वाया जातो. पोट भरलेले वासरू उपाशी राहते ते असे.

वासरू भिंत चाटू लागले, माती, चिंध्या किंवा हाडे चघळू लागले, की आपण त्याला खोड म्हणतो. बहुतेक वेळा ती शरीराची मागणी असते. दक्षिण आफ्रिकेत सर अर्नोल्ड थायलर यांनी १९२० च्या सुमारास हे दाखवून दिले. तेथील गुरे फॉस्फरसच्या अभावी कुरणातील हाडे चघळत, त्यांतील विषाने मरत. फॉस्फरस पुरविताच रोग आटोक्यात आला. मात्र माती चाटण्यामागे जंतही असू शकतात. म्हणून प्रथम पशुवैद्यकाला दाखवून जंतांचे औषध द्यावे.

क्षारांचे शास्त्र उलगडण्यास वराहपालनाने मोठे साहाय्य केले आहे. डुकराचे पिल्लू सुमारे ५० मिलिग्रॅम लोह घेऊन जन्मते. त्याची रोजची गरज सुमारे ७ मिलिग्रॅम, आणि आईच्या दुधातून मिळते जेमतेम १. मोकळ्या पिल्लाला उकरलेल्या मातीतून लोह मिळते. सिमेंटच्या गोठ्यातील पिल्लू आठवडाभरात पांढुरके पडू लागते, म्हणून त्याला लोहाचे इंजेक्शन देतात. १९५५ साली अमेरिकेत टकर आणि सॅमन यांनी दाखविले की, वाढत्या डुकरांची कातडी खवलेदार होण्याचा रोग जस्ताने बरा होतो. आहारात कॅल्शियम अतोनात झाला की जस्त शोषले जात नाही, हेही पुढे स्पष्ट झाले. उलट बाजूही पाहा. दूध तुटलेल्या पिल्लांची हगवण थांबविण्यासाठी युरोपात जस्ताचे भस्म औषध म्हणून मोठ्या मात्रेत देत. शेणखतावाटे ते जमिनीत साचू लागले, आणि २०२२ साली युरोपीय संघाने हा वापर बंद केला. क्षार प्रमाणातच द्यावेत, हा यातील बोध.

आता प्रत्यक्ष कृती. भारतीय मानक ब्युरोच्या मानकानुसार बनविलेले क्षारमिश्रण वासराला दररोज २० ते २५ ग्रॅम, वाढत्या कालवडीला ५० ग्रॅम, भुशात किंवा पेंडीत कालवून द्यावे. वासराचा महिन्याचा खर्च पाऊण किलो मिश्रणाचा. नुसते मीठ ही याची जागा घेत नाही. केवळ वाढ्यांवर जनावर ठेवू नये. जोडीला लसूणघास द्यावा, त्यात कॅल्शियम विपुल असतो. गव्हाच्या भुशातून आणि पेंडीतून फॉस्फरस मिळतो.

पंचायत सदस्यांना विनंती, की ग्रामसभेत दुभत्या जनावरांबरोबर कालवडींचाही विषय घ्यावा. दूधसंस्थेने क्षारमिश्रण उपलब्ध ठेवावे आणि त्याची रक्कम दुधाच्या बिलातून थोडीथोडी वळती करावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घरच्या वासराचा छातीचा घेर दर महिन्याच्या ठरावीक तारखेला फितीने मोजून वहीत नोंदविण्यास सांगावे. घेर वाढत नसेल, तर ती वही घेऊन पालकांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. वासरू बोलत नाही. त्याची तक्रार त्या वहीत वाचता येईल.