अंधारातील प्रेम

शाश्वत जीवन म्हणजे मृत्यूनंतर सुरू होणारे अंतहीन आयुष्य, अशी सर्वसाधारण समजूत असते. कॅथलिक धर्मचिंतनात मात्र या शब्दाचा अर्थ केवळ काळाच्या लांबीवरून ठरत नाही. ईश्वराची खरी ओळख होणे, हे त्या जीवनाचे स्वरूप. आणि ईश्वर प्रेमस्वरूप असल्यामुळे ही ओळख प्रेमावाचून होत नाही. साहजिकच त्या जीवनाचा आरंभ मृत्यूच्या पलीकडे नव्हे, तर येथेच, माणूस प्रेम करू लागतो तेथे होतो. हा विचार ऐकावयास गोड आहे. परंतु पलीकडे काही आहे, ही खात्रीच ज्याच्या अंतःकरणातून नाहीशी झाली, त्याने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर फ्रान्समधील एका तरुण जोगिणीने आपल्या आयुष्याने दिले. तेरेज मार्तँ हिचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी अलांसाँ येथे झाला. १८८७ साली पॅरिसमध्ये तीन खुनांबद्दल प्रांझिनी नावाच्या माणसाला देहान्ताची शिक्षा झाली, तेव्हा चौदा वर्षांच्या तेरेजने त्याच्यासाठी प्रार्थना आरंभिली. शेवटच्या क्षणी त्याने क्रूसाचे चुंबन घेतल्याचे तिने वर्तमानपत्रात वाचले. त्याला ती आपले पहिले लेकरू मानू लागली. पुढील वर्षी ती लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली. थोर तपश्चर्या आपल्या आवाक्यातील नव्हे हे ओळखून तिने लहानसहान कृत्यांची वाट धरली. कपडे धुताना अंगावर मळके पाणी उडविणाऱ्या भगिनीवर रागवावयाचे नाही. जिच्याविषयी मनात नावड, तिच्याकडे पाहून हसावयाचे, अशी ती साधना होती.

एप्रिल १८९६ मध्ये, पवित्र सप्ताहात, तिच्या तोंडातून प्रथम रक्त आले. क्षयाची ती खूण होती. स्वर्ग समीप आला म्हणून ती हर्षली. पण लगेचच, ईस्टरच्या पर्वकाळात, स्वर्गाविषयीची तिची सारी जाणीव मावळली. मरणानंतर केवळ शून्यच असेल, हा विचार तिला अखेरपर्यंत छळीत राहिला. मात्र अश्रद्धांना तिने परके मानले नाही. त्यांच्याच पंक्तीला आपण बसलो आहोत असे समजून ती त्यांच्यासह आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करीत राहिली. भगिनींची सेवा थांबली नाही, हसणेही थांबले नाही. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिचा देहान्त झाला.

संत पौलाने श्रद्धा, आशा आणि प्रेम यांत प्रेमाला श्रेष्ठ मानले. त्यामागील मर्म येथे उलगडते. प्रत्यक्ष दर्शन घडले की श्रद्धेचे कार्य संपते. इष्ट ते लाभले की आशेचेही संपते. प्रेमाला मात्र स्वर्गातही आपले रूप बदलावे लागत नाही. म्हणूनच स्वर्ग दिसेनासा झाला असतानाही जिने प्रेम सोडले नाही, तिच्या हाती शाश्वत जीवनातील जे टिकावयाचे तेच उरले होते.

१९२५ साली पोप अकरावे पायस यांनी तिला संतपद दिले. १९२७ मध्ये, ज्यांचा देह जुन्या गोव्यात आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने, ती धर्मप्रसारकांची आश्रयदात्री ठरली. झेवियर यांनी समुद्र ओलांडले. तेरेजने मठाचा उंबरठाही पुन्हा ओलांडला नाही. दोघांना एका पंक्तीत बसविताना मोजले गेले ते अंतर नव्हे, प्रेम.