परत आल्यावरची गोळी
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाची सवय नाही. पण गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयतां युगांडात, कंपाला शहरी, जाऊन आलो. तेव्हा त्या प्रवासातली आरोग्याची काळजी सर्वांना सांगा, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला.

पहिली गोष्ट पीतज्वराची, म्हणजे यलो फिव्हरची लस. ती सरकारमान्य केंद्रातच टोचतात आणि दाखल्याची पिवळी पुस्तिका देतात. टोचल्यावर १० दिवसांनी तो दाखला लागू होतो, म्हणून निदान महिनाभर आधी जावे. २०१६ सालापासून हा दाखला जन्मभर चालतो. लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. अंडे ज्यांना बाधते त्यांनी, तसेच गरोदर, अंगावर पाजणाऱ्या व साठीपुढच्या बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

“दुखणे तिकडचे, मग परत येताना इकडे पुस्तिका कशाला दाखवायची?” असे ह्यांनी केंद्रात विचारले. तिथल्या बाईंनी छान समजावले. पीतज्वर पसरवणारा डास म्हणजे आपला डेंग्यूचाच डास. तो आपल्या पिंपात नि कुंडीखालच्या बशीत आहेच. रोग मात्र भारतात नाही. एखादा रोगी आला नि त्याला इथला डास चावला, तर रोग आळीभर व्हायचा. म्हणून तिकडून दाखल्याशिवाय येणाऱ्याला ६ दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. म्हणजे ही लस आपल्याइतकीच शेजाऱ्यांसाठीही आहे.

हिवतापासाठी मात्र प्रवाशांना गोळ्याच घ्याव्या लागतात. आमची गोळी आठवड्याला एक, जाण्याआधी सुरू करून परत आल्यावर ४ आठवडे घ्यायची होती. तिकडे मच्छरदाणी, लांब बाह्या, उकळलेले पाणी, सारे नेमाने पाळले. घरी आलो नि ढिले पडलो. “आता कसला आफ्रिकेचा डास!” म्हणून ह्यांनी गोळी सोडली. नातवाचे फोटो दाखवण्याच्या नादात मीही हटकले नाही.

तिसऱ्या आठवड्यात ह्यांना थंडी वाजून ताप भरला. पावसाळ्याचा ताप समजून डॉक्टरांनी औषध दिले, मी काढा दिला. परदेशी जाऊन आलो, हे सांगायचे आम्हांला सुचलेच नाही. तिसऱ्या दिवशी हे बरळू लागले. शेजारच्या वहिनी, आपल्या मंडळाच्याच सभासद, धावत आल्या नि म्हणाल्या, “अहो, आफ्रिकेतून आलात हे सांगितलेत का?” लगेच रक्त तपासले. फाल्सिपेरम, म्हणजे जीवघेणा हिवताप निघाला. ८ दिवस इस्पितळात काढून हे घरी आले.

पुढे डॉक्टरांनी सांगितले, हिवतापाचे जंतू आधी यकृतात दडतात व मग रक्तात उतरतात. त्या वेळी गोळीचा अंमल रक्तात असावा लागतो. काही गोळ्या परतल्यावर ७ दिवस, काही ४ आठवडे घ्यायच्या असतात. सांगितल्या तितक्या पुऱ्या कराव्या.

भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळजणींची मुले आता दूरदेशी आहेत. तिकडे जाताना लोणची, पापड, बाळंतविडा आपण आठवणीने बांधतो. तशीच परत आल्यावर गोळ्यांची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात मांडा. आणि ताप आला तर डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगा, “आम्ही अमक्या देशातून आलो.” परतल्याला काही महिने झाले असले तरी सांगा. त्या दिवशी वहिनींनी विचारले नसते तर काय झाले असते, हा विचार आजही मनात आला की अंगावर काटा येतो.