तोर्तुगेरोचा काळोख



मध्य अमेरिकेतला कोस्टा रिका हा देश आपल्या महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाएवढा आहे, ५१ हजार चौरस किलोमीटरचा. एका अंगाला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या अंगाला पॅसिफिक महासागर आणि मधोमध ज्वालामुखींचे डोंगर. एवढ्याशा भूमीत पक्ष्यांच्या सुमारे नऊशे जाती, माकडांच्या चार, शिवाय जग्वार, टेपिर आणि स्लॉथ. देशाची जवळजवळ पाव जमीन संरक्षित आहे, आणि जगभरातून माणसं तिथे जंगल पाहायला जातात. आज मी त्यातल्या एकाच जागेबद्दल बोलणार आहे. तिचं नाव तोर्तुगेरो.

कॅरिबियन किनाऱ्यावरच्या या गावाला रस्ता नाही. बस संपते तिथून होडीत बसायचं आणि दोन्ही बाजूंनी पाण्यावर वाकलेल्या झाडीतून जायचं. वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. हवेत आपल्या कोकणातल्या श्रावणाचा ओलावा बाराही महिने. पहाटे वाटाड्याबरोबर कालव्यात गेलं की तो होडी वल्ह्यानं हाकतो. दूरवर हाउलर माकडं ओरडू लागतात. तो आवाज काही किलोमीटरवरूनही ऐकू येतो, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला एवढ्याशा प्राण्याचा तो वाटतच नाही. वाटाडा एका फांदीकडे बोट दाखवतो. तिथे आपल्याला वाळक्या पानांचा गोळा दिसतो. तो स्लॉथ असतो. त्याच्या केसांत शेवाळ वाढतं, त्यामुळे तो झाडाच्याच रंगाचा होतो. तो हलेपर्यंत बसून राहायचं. मला त्या कालव्यात सगळ्यांत आवडलं ते हे बसून राहणं. कुणी घाई करत नाही, आणि बराच वेळ गप्प बसलं की पाण्याच्या काठाला असलेले बगळे, केमन मगरी, पाण्यावरून पळणारे बॅसिलिस्क सरडे एकेक करून डोळ्यांना सापडू लागतात.

पण तोर्तुगेरो ओळखलं जातं ते हिरव्या समुद्री कासवांसाठी. जुलै ते ऑक्टोबर या दिवसांत हजारो माद्या अंडी घालायला या किनाऱ्यावर येतात. पश्चिम गोलार्धात या कासवांची याहून मोठी वीण कुठेही होत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या गावाचं पोट कासवं मारण्यावरच चालत होतं. रात्री किनाऱ्यावर पहारा ठेवायचा, मादी वर आली की तिला उताणी करायची आणि सकाळी होडीत भरायची. मांस विकलं जाई, आणि पोटाकडची कूर्चा वाळवून सूपासाठी परदेशी पाठवली जाई. १९५०च्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार तिथे पोचले. त्यांनी कासवांच्या पुढच्या पायाला धातूचे बिल्ले लावायला सुरुवात केली. बिल्ला सापडला तर परत पाठवा, बक्षीस मिळेल, असं त्यावर लिहिलेलं असे. बिल्ले परत येऊ लागले, आणि त्यातले पुष्कळसे निकाराग्वाच्या मिस्किटो किनाऱ्यावरच्या कोळ्यांकडून. तिथल्या समुद्री गवतावर चरणारी कासवं अंडी घालायला मात्र इथेच येतात, हे त्यातून उलगडलं. एका किनाऱ्यावर त्यांना वाचवून दुसऱ्यावर मारलं तर उपयोग नाही, हेही. १९७५ साली तोर्तुगेरो राष्ट्रीय उद्यान झालं.

आता गावातली मुलं वाटाडे होतात. रात्री कासव पाहायला परवानाधारक वाटाड्याशिवाय किनाऱ्यावर पाऊल टाकता येत नाही. गट लहान, कपडे गडद, कॅमेरा आणि मोबाइल खोलीवर. आपल्याला किनाऱ्यामागच्या झाडीत थांबवून ठेवतात. किनाऱ्यावरून फिरतो तो फक्त माग काढणारा प्रशिक्षित माणूस. मादीनं मागच्या पायांनी खड्डा खणून अंडी घालायला सुरुवात केली, की तो वाटाड्याला कळवतो आणि मग आपण निघायचं. त्याआधी गेलं, दिवा दाखवला, तर ती माघारी समुद्रात जाते. अंडी सुटायला लागली की मात्र ती सहसा थांबत नाही. शे-सव्वाशे किलोंचा तो देह, त्याचा जोरकस श्वास, आणि वाटाड्याच्या मंद लाल दिव्यात एकामागून एक पडणारी शंभरेक अंडी. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं. अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचं ते पाणी. काही मिनिटं पाहू देतात, मग दुसऱ्या गटाला जागा द्यायची.

आपल्याकडे व्याघ्र प्रकल्पात वाघ दिसला की जिप्सींची जी रांग लागते, ती मला तिथे वारंवार आठवत होती. किती जवळ जायचं, केव्हा जायचं, हे तोर्तुगेरोत कासवावर सोडलेलं आहे. पाहुण्याच्या हौसेला दुय्यम जागा आहे, आणि पाहुण्याला त्याचं वाईट वाटत नाही.

अर्थात कोस्टा रिकात सगळंच असं चालतं, असं नाही. २०१५च्या सप्टेंबरात पॅसिफिक बाजूच्या ओस्तिओनाल किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं मोठ्या संख्येनं वर येत होती. त्याच वेळी शेकडो पर्यटक वाळूत उतरले, फोटोसाठी काहींनी लेकरांना कासवांच्या पाठीवर बसवलं, आणि कितीतरी माद्या अंडी न घालताच परत गेल्या. देश तोच, माणसं तशीच. तिथे त्या दिवशी गर्दीला अडवणारं पुरेसं कुणी नव्हतं.

या देशातलं जंगलही आपोआप टिकलेलं नाही. १९७० आणि ८०च्या दशकांत गोमांसाच्या निर्यातीसाठी कुरणं करायला तिथे बेसुमार तोड झाली. पुढे १९९६च्या वन कायद्यानं जंगलाचं शेत किंवा कुरण करायला बंदी आली, आणि झाडं उभी ठेवणाऱ्या जमीनमालकाला इंधनावरच्या करातून पैसे मिळू लागले. आज निम्म्याहून अधिक देश पुन्हा झाडांखाली आहे. तोर्तुगेरोच्या वाटाड्याला मिळणारी फी मला याच हिशेबातली वाटते. जंगलाशेजारी राहणाऱ्याच्या घरात पैसा आला पाहिजे, आणि तो जंगल जिवंत असल्यामुळेच आला पाहिजे.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावानं हे करून दाखवलं आहे. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं तिथे ऑलिव्ह रिडलेच्या घरट्यांचं रक्षण सुरू केलं, पुढे कासव महोत्सव आला आणि गावातल्या घरांनी पाहुण्यांसाठी दारं उघडली. ज्या अंड्यांची पूर्वी चोरी होई, त्यांच्यामुळे आज घरोघरी पानं वाढली जातात.

तोर्तुगेरोला जायचं असेल तर ऑगस्टनंतर जावं. देशाच्या बाकी भागात तेव्हा मुसळधार पाऊस असतो, पण कॅरिबियन बाजूला सप्टेंबर-ऑक्टोबरात तो उतरतो. राजधानी सान होसेहून बसनं निघून ला पावोनाच्या धक्क्याला होडी धरायची. मुक्काम गावातल्या कुणाच्या तरी घरी करावा, वाटाडाही गावातलाच घ्यावा. आणि एवढ्या लांबचा प्रवास जमणार नसेल तर फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वेळास आहेच. निघण्याआधी गावात फोन करून घरट्यांतली अंडी कधी फुटतील याचा अंदाज विचारा, आणि हाताशी एक जास्तीचा दिवस ठेवा.