आधी ओळख, मग बंदोबस्त
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



मला ‘सोसायटीची सुरक्षा’ या विषयावर पाच मिनिटं दिली आहेत. कॅमेऱ्यांचा हिशेब सेक्रेटरी देतीलच. मी माणसांविषयी बोलतो.

१९९२ साली मी भिवंडीत आमच्या बँकेच्या शाखेत होतो. यंत्रमागांचं गाव, १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेलं. ६ डिसेंबरला बाबरी मशीद पडली आणि मुंबई पेटली. आम्हीही अर्धं शटर ओढून, जीव मुठीत धरून काम करत होतो. पण भिवंडी शांत राहिली. त्याचं मोठं श्रेय मोहल्ला कमिट्यांना दिलं जातं. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी त्या आधीच उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्या भागाचे पोलीस एकत्र बसायचे. लहानसहान भांडण तिथंच मिटायचं. अफवा उठली, तर विचारायला ओळखीचा पोलीस असायचा. दंगलीनंतर मुंबईतही अशा कमिट्या सुरू झाल्या.

एवढं पाहूनही मी शहाणा झालो नव्हतो. काही वर्षांपूर्वी सौ.च्या बांगड्या सापडेनात. मी थेट वॉचमनचं नाव घेतलं. आपल्या बीटचे हवालदार शांतपणे म्हणाले, “काका, रोज रात्री गेटवरच्या वहीत सही करताना मी त्याच्याशी बोलतो. माणूस माहितीतला आहे. आधी घर नीट बघा.” तिसऱ्या दिवशी बांगड्या तांदळाच्या डब्यात निघाल्या. गावाला जाताना आम्हीच ठेवल्या होत्या!

मी गेटवर जाऊन हात जोडले. तो एवढंच म्हणाला, “होतं साहेब.” पण पुढे बरेच दिवस त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. सहा वर्षं तो माझ्यासाठी गेट उघडत होता, आणि मला त्याचं पूर्ण नाव ठाऊक नव्हतं. हवालदारांना होतं. ते नसते, तर त्या गरिबाची रात्र चौकीत गेली असती.

बँकेत जमा असेल तरच काढता येतं. ओळखीचंही तसंच आहे. म्हणून माझी सूचना: दर तीन महिन्यांनी बीट हवालदारांना चहाला बोलवावं. भाडेकरू, मोलकरणी, वॉचमन, सगळ्यांनी बसावं. आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, व्हिडिओ कॉलवर कुठलाही पोलीस अटक करत नाही. तसा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० लावा, तातडीच्या मदतीला ११२.